सागिंदिकचा बदली माणूस

(सकाळचे आठ. कझाक माळरानावरचं गॅस कॉम्प्रेसर स्टेशन. येर्देन फाटकावरच्या फोनवर. सागिंदिक आत, मशीनपाशी.)

सागिंदिक : आठ वाजले. ड्यूटी घ्यायला येतोयस ना?

येर्देन : फाटक उघडत नाहीये, आगा. कार्ड लावलं की लाल दिवा.

सागिंदिक : बाहीला पुसून लाव.

येर्देन : पुसलं, फुंकलं, सगळं झालं. पहारेकरी म्हणतो, आपली आणि ती दुसरी, दोन्ही कंपन्या परवा एक झाल्या. ज्यांना कमी केलं त्यांची कार्डं काल बंद झाली.

सागिंदिक : तुला कुणी कळवलं नाही?

येर्देन : फाटकानं कळवलं की.

सागिंदिक : मग माझी ड्यूटी कोण घेणार?

येर्देन : त्या दुसऱ्या कंपनीचा माणूस. कधी येईल, ठाऊक नाही. तुम्ही या बाहेर. बाहेर पडताना फाटक कुणाला अडवत नाही.

सागिंदिक : आणि परत आत जाताना?

येर्देन : ते बाहेर येऊन कार्ड लावलं की कळेल.

सागिंदिक : वा! शिवाय चालती मशीन सोडून गेलो, म्हणजे काढायला कारण आयतं.

येर्देन : अहो, पण आज तुमच्या मेरुएर्तच्या सासरचे येणार! सासू पोरीच्या कानात डूल घालणार आणि बाप इथे?

सागिंदिक : डूल घालायला बाप लागत नाही.

येर्देन : आणि कलेजी-चरबी? व्याह्यांबरोबर ती कोण खाणार? त्याशिवाय सोयरीक पक्की झाली असं मानेल कुणी?

सागिंदिक : ...बस गेली का?

येर्देन : उभी आहे. ड्रायव्हर चहा पितोय.

सागिंदिक : चढ तीत. माझ्या घरी जा. माझ्या जागी बस.

येर्देन : मी? मी तुमचा कोण लागतो?

सागिंदिक : बारा वर्षं एका खाटेवर झोपतोय आपण.

येर्देन : पंधरा दिवस तुम्ही, पंधरा दिवस मी! हे व्याह्यांना नीट सांगायला हवं, नाहीतर तिथेच सोयरीक मोडेल.

सागिंदिक : मला आगा, थोरला भाऊ, म्हणतोसच; धाकटा भाऊ म्हणून सांग. आणि चरबी खाताना तोंड वाकडं करू नकोस. तुझी खोड ठाऊक आहे मला.

येर्देन : माझी नोकरी गेल्याचं बोलू?

सागिंदिक : आज नको. आधी तुझ्या बायकोला सांग.

येर्देन : हं. आणि त्यांनी विचारलं, मुलीचा बाप कुठाय?

सागिंदिक : ड्यूटीवर आहे म्हणावं. आत्ता या घडीला तरी आहे.