तीनदा वितळवलेलं दावं

मुलांनो, डोळे मिटा. आपण वळसंगच्या एसटी थांब्यावर उभे आहोत. सिदूकाका जिथे कामाला जातो त्या दोऱ्यांच्या कारखान्यातून आणलेल्या टेरीलीनच्या दाव्याने मायाक्काची शेळी एसटीच्या टपावर बांधणार आहे. मायाक्का त्याला विचारते,

"काका, वाटंत दावं तुटलं तर?"

"कशाला तुटंल? टेरीलीन हाय. तुटक्या दोऱ्या तीनदा वितळवून केलंय."

"तीनदा व्हय? मग लई पक्कं की," शेजारी एसटीची वाट बघणारी केराबाई आजी म्हणाली. "सोनं आटवलं की कस वाढतो."

"न्हाय आये, ह्येचं उलटं. कारखान्याचा सायेब म्हणतो, दर खेपंला धाग्याच्या आतल्या बारीक साखळ्या तुटत्यात. माल ओला आसला तर आनीकच."

"साखळ्या? दोरीत?"

"म्हणतो की."

"तू बगितल्यास?"

"न्हाय बा. पर माल पिवळा पडतो, कडक हुतो."

"हे तर हिरवं हाय."

"रंग टाकलाय, आये."

"मग दावं पक्कं का कच्चं?"

"आता मलाबी कळंना."

मायाक्काने दाव्याचा एक पदर दुमडला. तो काडीसारखा कट्टकन मोडला. तिने भाकरीच्या गाठोड्याची अंबाडीची दोरी सोडली, भाकऱ्या आजीच्या पदरात ओतल्या आणि ती दोरी शेळीच्या गळ्यात बांधली.