गुरुवारची पट्टी

समाजमंदिरात जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, अन् शहरातून आलेल्या डॉक्टर मॅडम,

मी इथलीच, कुरुंद्याची सविता. मला चारचौघांत बोलता येत न्हाई, तरी आज बोलणं भाग हाय. डोळ्यांच्या दवाखान्यातले खिल्लारे सर दर गुरुवारी आपल्या गावात लेकरांचे डोळे तपासाया यायचे. रविवारी छातीत दुखलं अन् गेले. मला दुःख हाय. पण खरं सांगू? दुःखापेक्षा भेव जास्त हाय.

माझी मंजू सात वर्षांची. लांबचं बघाया लागली की तिचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला सरकतो. सासूबाई म्हणायच्या, भाग्याचा डोळा हाय, हात लावू नका. सरांनी तिला दारात उभं केलं, लांबच्या पाण्याच्या टाकीकडं बघाया लावलं, अन् डोळ्यापुढं काचा धरून तो किती सरकतो ते मोजलं. एकदा न्हाई, तीन गुरुवार मोजलं. मी म्हणलं, "सर, एकदा मोजलं ते बस न्हाई का?" ते म्हणले, "ताई, लेकरू थकलं की डोळा जास्त सरकतो. माप चुकलं तर ऑपरेशन चुकतं."

अजून एक म्हणले. "हिच्या डाव्या डोळ्याची नजर कमजोर हाय. ती सुधारली न्हाई तर सरळ केलेला डोळा परत बाहेर जाऊ शकतो. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधा. हे काम तुमचं. ते मला करता येत न्हाई, ऑपरेशन करणाऱ्या मॅडमलाबी न्हाई."

मंडळी, ते काम मी केलं न्हाई.

हळद काढायचे दिवस होते. पट्टी बांधली की मंजू धडपडायची, रडायची. बाया विचारायच्या, पोरीला काय झालं वो? मला लाज वाटायची. मग मी पट्टी बांधायची ती फक्त गुरुवारी. सर यायच्या आधी, घाईघाईनं. सर विचारायचे, रोज बांधता ना? मी म्हणायची, व्हय. एकदा त्यांनी मंजूलाच विचारलं. पोरीनं माझ्या तोंडाकडं बघितलं अन् म्हणली, "व्हय सर." सरांनी तिच्या तपासणीच्या कार्डावर लिहिलं, पट्टी नियमित.

आत्ता खिल्लारे वहिनी माझ्याशेजारी बसून काय म्हणल्या माहिताय? म्हणल्या, "कुरुंद्याच्या एका पोरीची नजर काहून सुधरंना, माझंच काही चुकून राहिलं का, असं ते शेवटपर्यंत म्हणायचे." वहिनी, त्यांचं काहीच चुकलं न्हाई. चुकले मी. आता हे मी कोणाला जाऊन सांगू?

सोमवारी मंजूचं ऑपरेशन हाय. मॅडम, तुमी त्या कार्डावर भरोसा ठेवून राहिल्या. ठेवू नका. ती ओळ खोटी हाय. पोरीला परत तपासा, परत मोजा. तारीख पुढं ढकलायची तर ढकला. माझ्यामुळं तिच्या नजरेला उशीर झाला न्हाई ना, या भेवानं मला जेवण जाईना. तुमी मला खुशाल बोला. फक्त पोरीला काही म्हणू नका. ती खोटं बोलली ते आईला वाचवाया.

अन् गाववाल्यांनो, उद्यापासून मंजूला पट्टी बांधलेली न्हाई दिसली, तर मला भर रस्त्यात अडवा.

आता समदे उभे राहू. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. मला सरांची माफी मागायची हाय.

सर, जय भीम.