लुगल म्हणजे मोठा माणूस

शब्दानं काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणता ना, मग हे ऐका. मी चंद्रपूरला बी.ए. करत होते. आम्ही गोंडपिपरीकडचे ढिवर, मासे धरणारे. गावचा तलाव केव्हाच सरकारजमा झाला होता, तरी दर वर्षी पहिली मरळ मासोळी गावचा जुना जमीनदार, मालगुजार, हक्कानं मागायचा. माझे आजोबा, आबाजी, ती नेऊन द्यायचे आणि वर म्हणायचे, "पाया पडतो, देवा." माझं डोकंच फिरायचं.

त्या वर्षी मी सोबत गेले आणि वाटेत सुनावलं, "चीनमध्ये 'दी' म्हणजे देव. पुढे राजानं तो शब्द स्वतःलाच लावून घेतला. तुम्ही तर तो आपल्या हातानं देता! मेसोपोटेमियात राजाला नुसतं 'लुगल' म्हणत."

"लुगडं?"

"लुगल! म्हणजे मोठा माणूस. देवाला वेगळा शब्द होता, 'दिंगीर'."

आबाजी खांद्यावरची मरळ सावरत चालत राहिले. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

मालगुजारापुढे उभे राहून ते म्हणाले, "रामराम, मोठे भाऊ."

"काऊन गा, आज देवा नाई म्हणत?"

"देव मासोळी देते, भाऊ. मागत नाई."

मरळ पुन्हा खांद्यावर टाकून ते घराकडे वळले. त्यांना गाठायला मला पळावं लागलं.