आमच्या गावचे रूळ निघाले तवा

आमी मूळचे इथलेच. बाप जंगलात सागाचे ओंडके वाहे, अन् वडशाकडून लाकडासाठी आगगाडीचा फाटा आला तवा रूळ अंथरालेही तोच होता, मंग मी मोठा झालो तं मलेही रूळ सांभाळाच्या गँगमधी घेतलं. हातोडा, पाना अन् गिट्टी, दुसरं काई येत नाई मले. बायको म्हने, तुमी तं बोलताही लोखंडावानीच. खरं होतं तिचं.

गाडी म्हंजे काय भाऊ, नावाची गाडी. चढावर इतकी हळू चाले का बाया उतरून मोहफुलं वेचत अन् पुढं जाऊन परत चढत. तीही आठवड्यातून दोनदा. पन आमच्या गँगची ढकलगाडी, चार चाकावरची फळी म्हना ना, आमी मांगून रेटो, ती रोज येये. कोनी बिमार पडलं, कोनाले साप डसला, तं रुळाजवळच्या खांबाले लाल चिंधी बांधाची. रेल्वेत लाल म्हंजे धोका, आमच्या गावात लाल म्हंजे थांब, मानूस न्याचा हाय. आमचा मुकादम चिडे, पन नेये. दुपारपर्यंत वडशाचा डाक्टर. किती जनं वाचले असे, काय सांगू तुमाले.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्स झाले असतील, हुकूम आला, लाकूड आता मोटारीनं जाते, फाटा बंद, रूळ काढा. ज्यायनं रूळ सांभाळले त्यायलेच काढा म्हनून सांगतलं, पाहा. मी मुकादमाले म्हनलं, गावाकडून सुरू करू ना. तो म्हने नाई, नाल्यावरच्या पुलाचं लोखंड पयले पायजे, गावचे रूळ राहू दे मांगून. तं आमी मधूनच तोडलं. बोल्ट मी सोडले, याच हातानं. ढकलगाडी राह्यली वडशाच्या बाजूले, गावाच्या बाजूले नुसते रूळ. पूल गावापासून तीन कोस, कामाबिगर तिकडं कोनी जात नाई, अन् गँगमधी आमच्या गावचा मी एकटाच.

आमचा डेरा पुलाजवळच, त्या ऐतवारी पायी घरी गेलो. फुला, माझी बायको, भरल्या दिवसाची होती. पयले दोन लेकरं गेले होते, म्हनून लय भेत होती. भात वाढता वाढता म्हने, दोन दिवस झाले ढकलगाडी दिसली नाई, येते ना अजून? दारासमोर रूळ होते जसेच्या तसे. मी म्हनलं, येते ना, दोन-तीन दिवसात येते, तू चिंधी बांध, मीच येतो रेटत. काऊन म्हनलं असं? तिचं तोंड पाहून खरं सांगाले जीभच नाई उचलली माझी. वाटलं, पुढच्या ऐतवारी बैलगाडीनं वडशाले नेऊन ठेवू, आठ दिवसात काय होते. गधा मी.

बुधवारी सकाळी कळा सुरू झाल्या. बायायनं तिले खाटेवर रुळाजवळ आनलं, चिंधी बांधली अन् बसल्या वाट पाहात. बैलगाडी गावात उभी होती, भाऊ. माझी वहिनी म्हने जुंपा बैल, तं फुला म्हने नाई, ते येतो म्हनले हायेत. दिवस कलेपर्यंत तेच म्हनत राह्यली. मंग जुंपले बैल. पोरगी झाली वाटेतच, अन् फुला गेली तिथीच, नाल्याच्या अलीकडं. मी पलीकडं पुलाचे तुकडे भरून राह्यलो होतो. बायायचं रडनं ऐकू आलं, पन आपलंच घर रडून राह्यलं हे नाई समजलं मले.

मंग गावचेही रूळ गेले. मी आता रोडाच्या कामावर जातो. पोरगी सहा वर्साची हाय, वहिनीजवळ वाढली. गावातले अजून वरच्या साहेबाले शिव्या देतात, पूल तोडला अन् कोनी सांगतलं नाई म्हन्तात. माझी दया करतात सारे, बिचारा, ऐतवारी त्याले तरी काय मालूम का पूल तुटनार. मी मान खाली घालून ऐकतो. पोरगी इचारते, बाबा, माय काऊन गेली? मी म्हन्तो, गाडी आली नाई बेटा. पुढचं तोंडातून निघतच नाई. शाळेत जाते आता, अक्षरं लावते. तुमी लिहा भाऊ, जसं सांगतलं तसंच लिहा. देव तिचं भलं करो, अन् मी नाई सांगू शकलो ते तिले वाचता येवो.