टॉवेल उजव्या खांद्यावर

— नाही नाही, सरकू नका, बसा तसेच, फक्त हा टॉवेल तेवढा गळ्यात अडकवा. वास येतो थोडा, पण खेळाडूंच्या घामाचा आहे, माझ्या नाही. मला त्याला हात लावायची बंदी आहे — मागे निळी टोपी घालून बसलाय ना, वळून बघू नका, तो संघटनेनं खास माझ्यावर नजर ठेवायला पाठवलाय. मागच्या सामन्यात मी रेफरीला खुर्ची नेऊन दिली. बस्स, एवढंच. प्लास्टिकची खुर्ची उचलली, मैदानात नेऊन ठेवली, म्हटलं, बसा साहेब, उभं राहून काही दिसत नाहीये, बसून दिसतंय का बघा. यात अपमान कुठं आला? पण लाल कार्ड. आज प्रेक्षकांत बसायचं, खाली बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. तुम्हाला मात्र कुणी बंदी घातलेली नाही. हो ना? मग झालं तर.

लाल जर्सी ती आमची. बाकासमोर पोट सांभाळत येरझारा घालतोय तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, माझा सहायक. कोच म्हणून कसा आहे ते विचारू नका, संध्याकाळी घरी जायचंय मला. आणि पलीकडे, पांढऱ्यांच्या बाकावर तो काटकुळा, हाताची घडी घातलेला — तो चिमटा. माझाच चेला. खेळाडू म्हणून शून्य. पळायला लागला की सावली पुढे निघून जायची. म्हटलं, पाय चालत नाहीत तर डोळे चालव, बस माझ्या शेजारी. सगळं शिकवलं त्याला. हरताना ओरडायचं नाही, पोरं तसंही ऐकत नसतात. गोल झाला की नाचायचं नाही, घड्याळ बघायचं. आणि समोरच्या कोचकडे बघायचंच नाही, तो सोंगं करतो — त्याच्या बाकावर सगळ्यात घाबरलेला कोण आहे ते शोधायचं आणि त्याच्यावरून नजर काढायची नाही.

वर्तमानपत्रवाले विचारतात, सर, तुमचं नेतृत्वाचं तत्त्वज्ञान काय? मी सांगतो, संघ म्हणजे कुटुंब. छापतात बिचारे. ज्यांना कुटुंब आहे त्यांना कळतं मी काय म्हणालो ते. अहो, कसलं तत्त्वज्ञान? एकदा आमचे बूटच पोचले नाहीत. पोरं रडकुंडीला आली. मी म्हटलं, अनवाणी उतरा, पण चेहरे असे ठेवा की हे मुद्दाम केलंय. मध्यंतरानंतर समोरच्या संघानंही बूट काढले. विश्वास नाही बसत? त्यांच्या कोचला विचारा. तो आता बूट विकतो.

टॉवेल — हां, आता डाव्या खांद्यावर घ्या. सहज, घाम पुसल्यासारखा. एका गोलनं मागे आहोत. माझा जुना इशारा असा, उजव्या खांद्यावर टॉवेल म्हणजे सगळे पुढे, डाव्या म्हणजे सगळे मागे. चिमट्याला पाठ आहे. म्हणून सकाळी मेहुण्याला सांगितलं, आज उलटं. डावा म्हणजे पुढे, उजवा म्हणजे मागे. त्यानं मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. बघा — बघा, पाठवली पोरं पुढे. लक्षात आहे त्याच्या. मार... मार ना... गेला आत. बसून राहा, तुम्ही तटस्थ आहात.

चिमटा वर बघतोय. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. टॉवेल ओळखला त्यानं. ओळखणारच.

आता असंच सुटलं तरी पुष्कळ झालं. बरोबरीत माझी खुर्ची वाचते. हरलो तर सोमवारी किल्ल्या चिमट्याच्या हातात. त्याचं नाव कुणी सुचवलं म्हणता? मीच. अध्यक्षांनी चहा पिता पिता विचारलं, तुमच्यानंतर कोण? मला वाटलं, मी मेल्यानंतरचं विचारतायत. मोठ्या मनानं म्हणालो, चिमटाच, दुसरा कोण आहे? त्यांनी लगेच फोन लावला.

बायकोला हे सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी कशाला सांगितलं, देव जाणे.

थोडीच मिनिटं राहिलीत. उजव्या खांद्यावर घ्या टॉवेल — सगळे मागे. नीट पसरा, दिसू दे त्याला. चिमटा कुठं बघतोय हो? वर नाही बघत. त्या गोलनंतर एकदाही नाही. हाताची घडी घालून नुसता आमच्या बाकाकडे... मेहुण्याकडे बघतोय. आणि मेहुणा बघा, टॉवेलकडे बघतोय, बोटं मोजतोय, कपाळ पुसतोय — अरे मागे, मागे, आज उलटं — पुढे काय पाठवतोस सगळ्यांना! नाही हो, ओरडलो नाही मी, टोपीवाले साहेब, खोकला आला.

मागे कुणीच नाही आमचं. एक लांब पास. झालं.

बघितलंत? या वेळी टॉवेलकडे ढुंकूनही बघितलं नाही पठ्ठ्यानं. सगळ्यात घाबरलेला कोण, त्याच्याकडे बघायचं. आणि नाचतोय का? ते बाकी सगळे नाचतायत, त्याच्याकडे बघा. घड्याळ बघतोय.

हसत नाहीये मी. ऊन येतंय डोळ्यांवर.

चला, निघा तुम्ही आता, दाराशी गर्दी होईल. नाही, टॉवेल राहू द्या, घडी करून इथंच ठेवा. क्लबचा आहे. सोमवारी त्याला लागेल.