पाटावरची बुंदी

विक्रोळीच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती न्यायला आलेल्यांची रांग होती. रुचिरा आपला पाट छातीशी धरून उभी होती. तिच्या मागेच गुणाजी आणि शेवंती, नवरा-बायको, कुजबुजत होते. म्हणजे त्यांना वाटत होतं, आपण कुजबुजतोय.

"शेवंते, पाट कुठाय?"

"घरी. त्यावर बुंदी बसलीय."

"मांजर आहे ती! उचलून बाजूला ठेवायची."

"आज नाही उचलवत. सकाळपासून पाटावरचं लाल कापड उकरतेय, गोल गोल फिरतेय, मधेच बसून मागचं चाटतेय. आख्खा श्रावण बांगड्याची वाट बघितली तिनं, आणि काल डोकं पुढ्यात ठेवलं तर हुंगलंपण नाही."

"पोट बिघडलं असेल."

"दोन पोरं तुम्हाला झाली की मला? पोट खाली उतरलंय तिचं, थानं ओली झालीत. आज होणार पिल्लं."

"वाट लागली! मग घरात सोयर नाही का धरायचं?"

"मांजराचं कसलं सोयर?"

"आईला विचारलंस?"

"विचारलं ना. म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, पाटावरून कोणी उठवली तर माझ्याशी गाठ आहे."

"अगं, पण बाप्पाला न्यायचं कशावर?"

"रिक्षा करू. यंदा ती पाटावर, बाप्पा तुमच्या मांडीवर."

रांग पुढे सरकली. रुचिरा सरकायची विसरली.

"आणि बाप्पाचा उंदीर?" गुणाजीनं हळूच विचारलं.

"तो खिशात ठेवा. आज तिला उठायला लावू नका."