पाणी, ग्लिसरीन आणि पुढची नावं

नाही नाही, माझ्या गालाला लावून दाखवू नकोस, गाल राहू देत — तू फक्त तुमच्या काउंटरवरची ही सीरमची बाटली उलटी कर आणि मागचं बारीक अक्षर वाच. चष्मा? चष्मा आहे गं पिशवीत, पण त्याचा काय उपयोग, अक्षरं मोठी दिसतील, ओळखीची थोडीच होणार आहेत! शाळेत कोणी घातलंच नाही मला. वाच. पहिलं काय — पाणी. दुसरं ग्लिसरीन. तिसरं ते ब्युटिलीन ग्लायकॉल. आता थांब, पुढची मी सांगते, तू नुसतं बोट ठेवत चल — पॅन्थेनॉल, मग फेनॉक्सी-इथेनॉल, मग वास, आणि वासाच्याही मागे, रांगेत उशिरा आलेल्या माणसासारखं उभं असलेलं ते हायलुरॉनिक, ज्याचं नाव पुढच्या बाजूला एवढं थोरलं सोनेरी छापलंय. चुकलं का एक तरी? हसतेस काय! नातीनं एकदाच वाचून दाखवलं होतं, दोन महिने झाले. मला एकदा ऐकलेलं पुरतं.

नात, माझ्या लेकीची लेक, कॉलेजात केमिस्ट्री शिकते. ती म्हणाली, आजी, ही यादी कशीही लिहीत नाहीत — जे जास्त ते आधी, जे कमी ते मागे. आणि फेनॉक्सीच्या मागे जो कोणी उभा असेल तो बहुतेक शंभरात एक भागसुद्धा नसतो. मी म्हटलं, म्हणजे पातेलंभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचं आणि वर 'मीठ' म्हणून पाटी लावायची! आता ती दुसरी काढ, खालच्या फळीवरची, साध्या प्लास्टिकची. वाच. पाणी, ग्लिसरीन, हायलुरॉनिक — बघ, हा इथं तिसरा! — पॅन्थेनॉल, फेनॉक्सी. संपलं. पाच नावं आणि किंमत पहिलीच्या पाव. मग पहिलीत जास्त काय आहे? काच आहे, काचेची नळी आहे, आणि वास आहे. अगं, मान खाली कशाला घालतेस, तुला नाही बोलत मी. तुला जे पाठ करायला दिलं ते तू म्हणतेस. 'हायलुरॉनिक स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरून ठेवतं' — किती गोड म्हणतेस! हजारपट! मग आम्ही गच्चीवर टाकी उगाच बांधली. आणि चेहरा ओला असताना लावायचं, हे मात्र तुम्ही कोणी सांगत नाही. कोरड्या चेहऱ्याला फासलं, वर ऑफिसातली ती गार मशीन, की ह्याला बाहेर पाणी मिळेना, मग हे आतलंच ओढून घेतं. माझी सून महिनाभर तसंच लावत होती, भिंतीला चुना लावल्यासारखं, आणि म्हणत होती, 'आई, ओढल्यासारखं होतंय, म्हणजे काम करतंय.' मी सांगितलं तेव्हा कुठं तोंड भिजवायला लागली.

बरं, ते फेनॉक्सी — त्याचं काम काय गं? नाही, सहज विचारतेय. टिकवायला. अच्छा. मला वाटलं नुसतं भारदस्त नाव ठेवायचं म्हणून घातलंय, ह्या लोकांना सवय असते. आणि समजा ते नसलं तर? म्हणजे पाणी आहे, ग्लिसरीन आहे, पण हे नाही. किती दिवस टिकेल? ...आठवडा? बाई गं. पाणी उकळून गार केलेलं असलं तरी? आणि फ्रीजमध्ये नव्हतं — नसलं, नसलं तर — न्हाणीघरातल्या फळीवर असलं, जिथं दिवसभर वाफ असते? वास येतो ना पण आधी? न येताही खराब होतं? कोण, मी? नाही गं, आमच्या शेजारी एक बाई आहेत, त्यांच्या घरी असं झालंय, त्या फार घाबरट, मला म्हणाल्या विचारून ये. त्यांच्या सुनेच्या हनुवटीवर पुरळ आलंय, लाल लाल. आता त्या शेजारणीचं तरी काय चुकलं? मी म्हटलं, पहिली दोन नावं घातली की झालं, बाकी सगळा थाट — त्या म्हणाल्या, त्या. त्या म्हणाल्या.

हसू नकोस. बरं, नाही शेजारीण. आमच्या घराला डाव्या बाजूला शेजारच नाही आणि उजवीकडे बँक आहे.

सुरुवात बोटांच्या पेरांपासून झाली. भांडी घासून पेरं अशी झालेली की लोकरीत अडकायची. सून ऑफिसला गेली होती, तिची ही असलीच बाटली समोर होती, मी एकच थेंब घेतला. मग गालाला थोडं. आणि काय सांगू तुला — हात फिरवला तर हात कुठं अडकलाच नाही. कितीतरी वर्षांनी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण बाटली काचेची, आतलं बाहेरून दिसतं, आणि आमची सून म्हणजे दुधावरची साय मोजणारी. मग मी आठवली यादी. पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणलं, प्रमाण हातानंच धरलं, स्वयंपाकात धरते तसं. थोडं काढायचं, तेवढं भरायचं. असं करता करता बाटली कंपनीची राहिली आणि आतलं सगळं माझं झालं. आणि खरी गंमत पुढंच आहे — ती आरशासमोर उभी राहून म्हणते, 'आई, बघा तरी, काय फरक पडलाय! शेवटी महाग ते महागच.' मी म्हटलं, 'हो गं बाई, कंपनीचा माल तो.' आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. तिच्या ऑफिसातल्या चौघीजणींनी तिच्या शब्दावर ही बाटली घेतली, माहीताय? तुझ्याकडूनच घेतली असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी केलेल्या गोष्टीला कोणी इतकं नावाजलं, आणि मला तोंड उघडायची सोय नाही!

आता मात्र हसायचं राहिलं बाजूला. कारण ती मला सकाळी शेजारी बसवायला लागली. स्वतःचं झालं की बोटावर उरलेलं माझ्या कपाळाला लावायची. 'आई, डोळे मिटा.' बारा वर्षं एका घरात आहोत आम्ही, बारा वर्षांत आम्ही एकमेकींना वाटी देण्याघेण्यापलीकडे हात लावला नव्हता. आणि मी डोळे मिटून बसायची, आणि मनात म्हणायची, हे माझंच पाणी आहे, पण हात तर तिचा आहे ना. मला काही पुरळबिरळ आलं नाही, माझं कातडं कशालाच दाद देत नाही. तिला आलं. मंगळवारपासून.

तर ऐक, वेळ थोडा आहे. आज सकाळी तिनं बाटली पर्समध्ये टाकली. म्हणाली, ऑफिस सुटलं की सरळ दुकानात जाते, त्या काउंटरवरच्या मुलीला साहेबांसमोर उभी करते. म्हणून मी आधी आले. तू एवढंच म्हण बाळ — ताई, त्या खेपेचा माल खराब निघाला, ही घ्या दुसरी. कंपनीला काय, तिच्या एवढ्या बाटल्या, एक खराब म्हटली तर कोण रडणार आहे? ...काय? कोण तपासतं? म्हणजे बाटलीवर नंबर असतो, आणि त्या नंबरच्या बाकीच्या चांगल्या निघाल्या की मग... मग काउंटरवालीनं नमुन्याची उघडी बाटली भरून विकली, असं धरतात? भरून? अगं पण तू कुठं — हो, ते मला माहिती आहे, त्यांना कुठं माहिती आहे. त्या पलीकडच्या काउंटरवर ती कुरळ्या केसांची होती, ती दिसत नाही. तिला असंच काढून टाकलं? आणि तुला लागून किती दिवस झाले? तीन महिने. अजून कायमही नाही केलेलं.

आणि नोकरी अशी टांगलेली असताना तू मला इतका वेळ यादी वाचून दाखवलीस.

सुनेला खरं सांगितलं तर ती ओरडणार नाही, तशी नाहीये ती. तिनं ओरडावं असं मला वाटतं. ती नुसती 'बरं' म्हणेल. आणि उद्या सकाळी आपलं आपलं तोंड धुऊन निघून जाईल — काय म्हणालीस? दाराशी? निळी पर्स, हो, तीच. पर्समध्ये हात घातलासुद्धा. आणि ते खांबाशी उभे आहेत तेच ना तुमचे साहेब? त्यांनाच विचारतेय बघ ती.

तू जा. आत गोदामात जा, पाणी पी, खोकी लाव, काहीही कर. मी आले होते, तू यादी वाचलीस, एवढंच झालं. नाही, स्टूल नको मला, उभी राहूनच सांगते तिला सगळं. अगं बघत काय उभी राहिलीस माझ्याकडे? जा म्हणते ना!